माझा ‘क’

शाळेत जायच्या वयापर्यंत मला ‘क’ म्हणता येत नव्हता. क चा त व्हायचा आणि ख चा थ. दुसऱ्या एखाद्या मुलखात हे खपून गेलं असतं, पण आमच्या मालवणीत मला म्हणजे ‘माका’ आणि तुला म्हणजे ‘तुका’; ते टाळून पाणीसुद्धा मागता येत नाही. मी म्हणायची, ‘माता पाणी व्हया.’ लगेच ओटीवरची माणसं देवी आल्यासारखे हात जोडायची. ‘माता इली रे, माता इली! पाया पडा!’

‘आई खंय आसा?’ असं विचारायला जावं, तर तोंडातून ‘थंय’ निघायचं. खंय म्हणजे कुठे, थंय म्हणजे तिथे. ‘मगे थंयच जा,’ म्हणून सगळे पोट धरून हसायचे. मी खरोखर आईला शोधत असायची. हे त्यांना कळत नव्हतं की कळूनही ते हसत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. माझा राग दोन्ही बाजूंनी सारखाच आहे.

बाजारातला दुकानदार कंदिलाची काच हातात धरून ठेवायचा. ‘आधी कंदील म्हण.’ मी ‘तंदील’ म्हटलं की इतर गिऱ्हाइकांना हाक मारून तो मला पुन्हा म्हणायला लावायचा. रडू फुटलं की एक लिमलेटची गोळी हातावर ठेवायचा, म्हणजे झालं.

पण त्या सगळ्यांवर कडी केली शाळेच्या गुरुजींनी. पहिल्याच दिवशी मला उभं करून मुळाक्षरं म्हणायला लावली. पहिल्या व्यंजनाला वर्ग खिदळला, आणि गुरुजीही हसले. मग सोबत आलेल्या आईला म्हणाले, ‘जीभ जड आहे हिची. आपोआप सुटेल, तेव्हा आणा. मुलीची जात, घाई काय आहे?’ घरी येईपर्यंत आईनं माझा हात इतका आवळून धरला होता की बोटं दुखायला लागली.

आजीनं वेखंड उगाळून माझ्या जिभेला चोळलं. जीभ चुरचुरली, बाकी काही नाही. मग पावसात माझा घसा धरला, म्हणून आईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. मान मागे टाकून मी गुळणी करत होते आणि आई एकदम थांबली.

‘ह्यो आवाज खंयसून इलो?’

मी घशाकडे बोट दाखवलं.

‘थंयसूनच क येता गो! परत कर बघूया.’

त्या दिवसापासून पडवीत आमचा खेळ सुरू झाला. आधी पाणी घेऊन गुळण्या, कुणाची जास्त टिकते ते बघायचं. मग पाणी न घेताच तसा आवाज काढायचा. मग चटईवर उताणं पडून, छपराच्या वाशांकडे बघत कावळ्यासारखं ओरडायचं. आई कामं टाकून माझ्या शेजारी आडवी व्हायची आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडायची. आजी कपाळाला हात लावायची.

कावळा जमला तसे काजू आले. भाजायला ठेवलेल्या बिया आईनं काढल्या. प्रत्येक बी करवंटीत टाकण्याआधी ‘काजू’ म्हणायचं. ‘ताजू’ झालं की बी आईची. पहिले कित्येक दिवस सगळ्या बिया आईच जिंकायची. मी चिडून करवंटी लाथाडायची. आई बिया गोळा करून पुन्हा मांडायची. ‘हसतत ते हसांदेत. आपण खेळांया.’

गणपतीला मुंबईहून माणसं आली. त्यांत वडिलांचे चुलतभाऊ होते. ‘माता इली’ ही मस्करी काढली होती ती यांनीच. मला बघताच त्यांनी हात जोडले. मी समोर जाऊन उभी राहिले.

‘काकानू, माका माता म्हणा नकात.’

मला वाटलं, आता हे शाबास म्हणतील. काका म्हणाले, ‘अरेरे, आता मजा गेली. पूर्वी किती गोड बोलायची!’ आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मजा तुमची होती, भावजी. तिची नव्हती.’ आणि आत निघून गेली.

गणपती झाल्यावर आई मला घेऊन पुन्हा शाळेत गेली. मी क पासून ज्ञ पर्यंत न अडखळता म्हटलं. गुरुजी खूश झाले. ‘बघा, म्हटलं नव्हतं मी? आपोआप सुटली!’

‘आपोआप नाही, गुरुजी,’ आई म्हणाली. ‘सगळा पावसाळा आम्ही दोघी बसलो तेव्हा सुटली.’

‘तेच ते,’ म्हणत गुरुजींनी मला दाराजवळच्या बारदानावर बसायला सांगितलं.

वर्षअखेर त्यांनी मला नापास केलं. वाचन चांगलं आहे, पण हजेरी कमी, असं म्हणाले. हजेरी कमी कुणामुळे पडली, हे आईनं विचारलं. गुरुजींनी दुसऱ्या मुलाच्या आईला पुढे बोलावलं. आणि ‘क’ स्वच्छ येत असताना मी दुसऱ्यांदा पहिलीत बसले.