आत्याच्या यादीतली जास्तीची शून्यं

आत्याच्या फोनशेजारी भिंतीवर चिकटवलेल्या यादीत अश्वजीतनं सगळ्याच नंबरांपुढे लाल स्केचपेननं शून्य काढलं, आणि मोठं काम केल्याच्या थाटात दोन करंज्या हाणल्या. दोन हजार एकवीसचा जानेवारी होता. लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य, असा नवा नियम आलेला. त्यातलं 'मोबाइल' तेवढं साहेबांनी वाचलं नव्हतं.

आत्या म्हणजे पार्वताबाई. राइट टाउनच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं आया होती. आता त्याच शहरातल्या गोरखपूर भागात एकटी राहायची आणि रोज चार वाजता सदर भागातल्या शकुला फोन लावायची. शकु त्याच शाळेतली दुसरी आया. नंबर गावातलाच, सात आकडी. करोनामुळं जाणंयेणं बंद, त्यात शकुच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

शून्य लागलं आणि फोनवर शकुऐवजी कोणी भलतीच बाई हिंदीतून 'नंबर जाँच लें' सांगू लागली. आत्यानं लाइनमन नथ्थूला बोलावलं. तो तीनदा आला, तीनदा खांबावर चढला.

"माताजी, लाइन तो एकदम ठीक है."

"ठीक है, तो लगता काहून नहीं?"

एरवी नथ्थूला अद्रकवाला चहा ठरलेला. या खेपेला आत्यानं त्याला तसाच वाटेला लावला. वर अश्वजीत मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "बराबर केलं आत्या. कामचोर आहेत हे."

तीन आठवड्यांनी सदरच्या बाजारात अश्वजीतला शकुचा मुलगा आनंद भेटला. "काय रे, तुझी आत्या रुसली काय? आई चार वाजले का फोनकडे पाहत बसते."

"मग मावशीनं लावायचा ना!"

"आजाऱ्यानं काहून लावायचा? खबर तं दुसऱ्यानं घ्यायची असते, म्हणते. काल रडली."

अश्वजीतच्या डोळ्यांपुढे ते लाल शून्य आलं. आत्याच्या घरी येऊन त्यानं गावातल्या नंबरांपुढची शून्यं ब्लेडनं खरवडली. चार वाजता आत्यानं सात आकडे दाबले.

"जयभीम शकु! काय करून राहिली?"

दोघी आधी रडल्या, मग भांडल्या, मग तासभर बोलल्या. फोन ठेवून आत्या म्हणाली, "पाह्य, सुधरवली ना नथ्थूनं लाइन."

गप्प राहिला असता तर निभलं असतं. पण तेव्हाच्या त्या दोन करंज्या आता पचेनात. "आत्या, लाइन ठीकच होती. ते शून्य माझं."

आत्यानं खरवडलेल्या यादीवरून बोट फिरवलं.

"अन् मी त्या बिचाऱ्याले सुक्का पाठवला? त्याचा चहा आता तू पाजायचा. अन् काहून पाजून राहिला, ते सांगून पाजायचा."

त्यानंतर दोनदा अश्वजीतनं नथ्थूच्या खांबाखाली स्कूटर थांबवली.

"कहिए भैया?" नथ्थूनं वरून विचारलं.

"कुछ नहीं, ऐसे ही."

चहा अजून राहिलाच आहे.