आधी चार्ट, मग जेवण

"तीनशे दहा." डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. "सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वी साखर किती होती?"

"दोनशे साठ, सर."

"आणि वजन?"

"दोन किलो वाढलंय."

समोर स्टुलावर कोंडिबा आप्पा हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

कारेगावजवळच्या एका कारखान्यात मी मेडिकल रूम सांभाळायचे. नुकतंच दोन हजार साल उलटलं होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस राज्य माझं. आप्पा ईओटी क्रेनचे ऑपरेटर. ही क्रेन छताखालच्या रुळांवर फिरते. ऑपरेटर वर केबिनमध्ये बसतो आणि टनावारी लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेतो. साखर फार वाढली की नजर धूसर होते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवून पॅकिंगला बसवलं होतं. आप्पा मूळचे दौंडकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, घराण्यातली पहिली नोकरी यांची. खोक्यांना पट्ट्या मारता मारता ते सारखे वर क्रेनकडे बघायचे.

"हा माणूस पथ्य पाळत नाही," डॉक्टर मला म्हणाले. "सोमवारी एचआरला लिहून देतो. क्रेनसाठी कायमचा अनफिट."

"साहेब, सिस्टरनी लिवून दिल्यालं एक दिस बी चुकवलं न्हाई," आप्पा म्हणाले. "पोरांची शपत."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण तो डाएट चार्ट माझ्या हातचा होता. पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा छापील चार्ट मिळवून मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला होता. ब्राउन ब्रेड, मोड आलेली मटकी, साय काढलेलं दूध, सफरचंद, काकडी. वेळा आणि मापांसकट. मला त्याचा फार अभिमान होता.

त्याच संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी आप्पांच्या खोलीवर गेले. ठकूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाट दिला. माझा चार्ट भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलेला होता. मला बरं वाटलं.

सात वाजता आप्पांनी गोळी घेतली. काकूंनी वाटीभर मटकी, दोन ब्रेड, दूध आणि चिरलेलं सफरचंद पुढे ठेवलं. आप्पांनी औषध घ्यावं तसं तोंड करून सगळं संपवलं. कुठे चुकतंय, मला कळेना.

मग काकूंनी ताट वाढलं. तीन भाकरी, बटाट्याची भाजी, भाताचा ढीग, वर गुळाचा खडा.

"हे काय, आप्पा?"

"जेवण."

"आणि आत्ता खाल्लं ते?"

"ते तुमचं. आधी चार्ट, मग जेवण. सकाळी बी तसंच."

मी उठून भिंतीपाशी गेले. चार्ट वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. 'जेवणाऐवजी' असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. गोळ्या जशा जेवणाच्या जोडीला, तसाच माझा चार्ट! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"चरून आल्याल्या मेंढराला कुणी पुन्हा पोटभर वैरण टाकतं व्हय?" काकू म्हणाल्या. "मी ह्यांस्नी म्हणलं बी. तर म्हंत्यात, सिस्टर शिकल्याली हाय, तू गप ऱ्हा."

मी काकूंच्या शेजारी बसले. म्हटलं, काकू, आता तुम्हीच सांगा, या ताटातून काय काढायचं? त्यांनी आधी भात उचलला. मग गूळ, मग दीड भाकरी. बटाट्याच्या जागी मटकी आणि मेथी आली. ब्रेड आणि सफरचंद त्यांनी हद्दपार केलं. दुधाची तहान ताकावर भागवली. कंपनीत रोज पाच कप गोड चहा होतो, हेही मला तेव्हाच कळलं. चार्ट लिहिताना मी त्यांना, तुम्ही काय खाता, हे विचारलंच नव्हतं.

सोमवारी एचआर साहेबांच्या केबिनमध्ये, डॉक्टरांसमोर, मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. "माझंच चुकलं, साहेब. नगं ते खाल्लं. सिस्टरनी नीट सांगितलं व्हतं."

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात संपत होतं. हे त्यांना माहीत होतं. स्वतःची क्रेन जात असताना हा माणूस माझी नोकरी सांभाळत होता.

"नाही सर," मी म्हटलं, "चूक माझी आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांना हसू आवरेना. डॉक्टरांना मात्र अजिबात हसू आलं नाही.

"सहा आठवडे," ते म्हणाले. "त्यानंतर मी थांबणार नाही."

आप्पांनी कंपनीची बस सोडली. पायी यायला लागले. मेंढपाळाचे पाय ते, त्यांना पाऊण तासाची चाल म्हणजे काहीच नव्हे. चहा बिनसाखरेचा झाला. मध्येच दौंडला पुतण्याचं लग्न निघालं आणि मी हाय खाल्ली, कारण लग्नातल्या आग्रहापुढे कुणाचं काही चालत नाही. पण काकू पंगतीत त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि जिलबीवाल्याला म्हणाल्या, "फुडं व्हा. ह्यांची क्रेन हाय."

सहा आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर एकशे अठरा आली, जेवणानंतरची एकशे साठ. वजन साडेतीन किलो उतरलं. डॉक्टरांनी नजर तपासली, रिपोर्ट दोनदा पाहिला आणि 'फिट' लिहिलं. माझं कॉन्ट्रॅक्टही वाढलं.

त्या दुपारी क्रेनचा भोंगा दोनदा वाजला. तो फक्त धोक्याच्या इशाऱ्यासाठी असतो. सुपरवायझर ओरडत धावला. मी खिडकीतून वर पाहिलं, तर आप्पा केबिनमधून हात हलवत होते.

त्यानंतर चार्ट लिहिण्याआधी मी दरवेळी विचारत आले, "काल काय जेवलात?" आणि शक्य असेल तर पेशंटच्या बायकोलाही बोलावत आले. ही अक्कल मला ठकूकाकूंनी दिली, त्यांचे उपकार आहेत. आणि आप्पांचे वेगळेच. माझं म्हणणं त्यांनी एक घासही न चुकवता ऐकलं होतं. त्यानंतर इतक्या विश्वासाने माझं कुणी ऐकलेलं नाही, घरात तर नाहीच.