हौसेरावाच्या गाडीचा कुणाला त्रास नव्हता

नेरूळच्या त्या सोसायटीत कुणालाही विचारा, भिंतीकडेच्या गाडीतला हौसेराव माणूस कसा म्हणून. एकच उत्तर येईल, फार चांगला हो, कधी त्रास नाही. बास, पुढं काही नाही. वर्षभर शेजारी राहिलेल्या माणसाबद्दल लोकांना एवढंच सांगता येत असेल, तर असला चांगुलपणा काय चाटायचाय, असं कुणीतरी हौसेरावाला वेळेवर विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी त्यानं आधी 'जरा हळू बोला' म्हटलं असतं.

हौसेराव मूळचा पाटणकडचा. मिसरूड फुटायच्या आत तळोज्याला आला, टँकरवर क्लीनर म्हणून लागला, मग ड्रायव्हर झाला. नावड्याला तिसऱ्या मजल्यावर एक खोली केली, लग्न करून शालनला आणलं. मूलबाळ झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर टँकर झेपेना, तेव्हा वाशीच्या एका शेठच्या कॅरव्हॅनवर लागला. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच की. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, संडाससुद्धा. मुंबईची हौशी मंडळी ती भाड्यानं घ्यायची आणि हौसेराव त्यांना कोयनेच्या पाण्याकाठी, नाहीतर कासच्या अंगाला मुक्कामाला न्यायचा.

अशा मुक्कामाच्या जागी चार-पाच गाड्या शेजारी शेजारी लागतात. मधे ना भिंत ना कुंपण. म्हणून हौसेरावानं स्वतःचा एक गाडीधर्म ठरवला होता. आपलं दार शेजारच्याच्या दारासमोर उघडायचं नाही. जेवणं झाली की जनरेटर बंद. खरकटं पाणी दुसऱ्याच्या चाकाखाली जाऊ द्यायचं नाही. आपला दिवा दुसऱ्याच्या डोळ्यात नको, आपलं गाणं दुसऱ्याच्या कानात नको. गिऱ्हाइकं गाडीत चढली की हात जोडून हे सगळं सांगायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. एकदा तापोळ्याकडे पोरांनी स्पीकर लावून असा धिंगाणा घातला, की शेजारच्या गाडीतलं तापानं फणफणलेलं लेकरू निजेना. हौसेरावानं दोनदा विनवलं, मग गुपचूप बॅटरीची वायर काढली आणि सांगितलं, बॅटरी बसली साहेब. पोरांनी शेठकडे चुगली केली, शेठनं त्याची हजामत केली. हा पठ्ठ्या खाली मान घालून ऐकत राहिला आणि मनातून खूश होता.

शालन नेमकी उलट. बाईचा आवाज असा खणखणीत, की खालच्या टाकीत पाणी आलं हे अख्ख्या इमारतीला तिच्या तोंडून कळायचं. भांडायची मोठ्यानं, हसायचीही मोठ्यानं, आणि फोनवर पाटणला बोलायची ते फोनशिवायही पोचलं असतं. हौसेराव म्हणायचा, अगं जरा हळू, भिंती पातळ हैत. ती म्हणायची, भिंती पातळ म्हणून मी का पातळ होऊ? खरं तर तिच्या त्या आवाजावरच त्याचं घर उभं होतं. दिवसचे दिवस लोकांचा कलकलाट ऐकून तो परतायचा आणि जिन्याखालीच तिचा आवाज आला, की निम्मा शीण उतरायचा.

मग शालनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन वेळा मशीनवर जाणं आलं. नेरूळला एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर होतं, तिथं नंबर लागला, नशीबच म्हणायचं. पण नावड्याचे तीन जिने! जाताना खुर्चीत बसवून उतरवायचं, मशीनवरून आली की अंगात त्राण नसलेल्या बाईला तसंच वर चढवायचं. एकदा जिन्यात खुर्ची कलंडली आणि शालन पाच पायऱ्या घरंगळली. नेरूळात तळमजल्याची खोली बघायला गेला, तर भाडं ऐकून ह्यालाच ताप भरायची पाळी आली. एवढ्यात शेठनं धंदा गुंडाळला. एक जुनी गाडी गिऱ्हाईक नाही म्हणून पडून होती. शेठ म्हणाला, विकली जाईपर्यंत वापर. हौसेरावानं ती आणली आणि सेंटरच्या समोर, सोसायटीच्या भिंतीला लागून उभी केली. तिथून शालन त्याच्या खांद्याला धरून आपल्या पायांनी मशीनपर्यंत जाऊ शकत होती. त्याला दुसरं काही नको होतं.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीची सेक्रेटरी नमिता खाली आली. वाईट बाई नव्हती. तिनं आत डोकावून शालनचा सुजलेला, सुयांनी काळानिळा पडलेला हात पाहिला आणि तिचा आवाज उतरला. म्हणाली, "राहा काका. पण आवाज नको, घाण नको. एक जरी कंप्लेंट आली ना, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

झालं. आधीच देवभोळा आणि त्यात अंगात आलं, अशातली गत! हौसेरावानं ते वाक्य गळ्यात ताईत बांधावं तसं बांधलं. एक कंप्लेंट आली की गाडी गेली, गाडी गेली की पुन्हा ते जिने, आणि जिने म्हणजे शालनचा जीव. सोसायटीच्या गेटवर पाटी होती, दुपारी दोन ते चार शांतता राखा. ती पाटी फेरीवाल्यांसाठी. फेरीवाले तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. हौसेराव मात्र जणू तिचाच चाकर.

त्यानं दाराच्या कडांना रबर चिकटवलं, म्हणजे दार आदळायला नको. रिव्हर्सचा भोंगा तोडून टाकला. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले, म्हणजे उजेड बाहेर पडायला नको. धुण्याभांड्याचं पाणी बादलीत धरून लांबच्या गटारात ओतून यायचा. फोडणी बंद, सुकट तर विसराच. फोन आला की पार बागेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बोलायचा. सोसायटीच्या पोरांना आधी वाटलं, शूटिंगची गाडी आलीय, आत हिरॉईन असणार. चार दिवस घुटमळली आणि काहीच हालचाल दिसेना म्हणून कंटाळून निघून गेली.

राजाबाई म्हणून एक मासळीवाली होती, इथलीच, पिढीजात. ती रोज सकाळी त्याच भिंतीशी टोपली मांडून बोंबलायची, आणि कुणाची टाप नव्हती तिला गप्प करायची. तिनं एकदा हौसेरावाला अडवून विचारलं, तू चोर हाय का रं मामा? मंग हलू कशाला बोलतंस? ही समदी आमची मिठागरं व्हती, मी कुनाला भियाची नाय. हौसेराव हसला आणि म्हणाला, तुमचं बराबर हाय मावशी, पर आमचं पडलं हातावरचं पोट. मासळीवालीला त्यात कसलं कारण दिसेना. तिनं त्याला फुकट चार बोंबील देऊ केले, ते त्यानं वासाच्या भीतीनं घेतले नाहीत. आता बोला.

सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर शालन सुधारली. म्हणजे हौसेरावाला पाहिजे होती तशी सुधारली. आधी तिनं भांडून पाहिलं, मग रुसून पाहिलं. मग तिला कळलं, की हा माणूस आपल्यासाठीच मरतोय. त्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली. खोकला आला की तोंडावर उशी धरायची. पाय वळायचे मशीननंतर, तेव्हा किंचाळायची नाही, हौसेरावाचं मनगट आवळायची. त्याला त्या आवळण्यावरून कळायचं किती दुखतंय ते. एकदा त्याला वाटलं, हिचा तो खणखणीत आवाज पुन्हा ऐकायला मिळेल का कधी? पण त्याच आठवड्यात नमिता गेटपाशी भेटली आणि म्हणाली, काका, तुम्ही आहात हे जाणवतसुद्धा नाही हो. हौसेरावाला तेव्हा कोण आनंद झाला! गाडीत येऊन त्यानं शालनला सांगितलं. शालन म्हणाली, "बरं झालं." ते इतकं हळू, की त्याला ओठांवरूनच समजलं.

मे महिना आला. नेरूळचा मे म्हणजे अंगाला चिकटलेला ओला कांबळा. पत्र्याची गाडी, खिडक्यांना पुठ्ठे. गाडीत एसी होता, पण त्याला इंजिन चालू ठेवावं लागायचं आणि इंजिन घरघरायचं. हौसेराव वर्तमानपत्रानं वारा घालायचा. सेंटरमधल्या सिस्टरनं बजावलं होतं, पाणी मोजून, जास्त पाणी पोटात गेलं की ते छातीत भरतं. पण उकाड्यानं बाईच्या घशाला कोरड पडायची. त्या रविवारी सकाळपासून तिनं तांब्या दोनदा रिकामा केला. हौसेरावानं पाहिलं आणि वर्तमानपत्र आणखी जोरानं हलवलं. शुक्रवारी मशीन झालं होतं, पुढचं सोमवारी. एक रात्र काढली की झालं, असं त्यानं मनाला समजावलं.

दुपारी जेवणं झाली, सोसायटी मटण-भात खाऊन आडवी झाली, आणि शालनला धाप लागली. आडवं पडवेना, बसवेना. ओठ निळे पडले. सेंटर रविवारी बंद. हौसेरावानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि त्या घडीलाही त्याच्या तोंडून निघून गेलं, "गल्लीत सायरन वाजवू नका, लोकं झोपल्याती."

गाडी निघालीय म्हणाले. येईना. भिंतीपलीकडे सोसायटीच्या दहा-वीस मोटारी ओळीनं उभ्या होत्या, वर त्यांचे मालक घोरत होते. आपणच गाडी हाकावी, तर वाटेत शालनला बसती धरायला मागं कुणी नव्हतं. हौसेराव उठून ड्रायव्हरच्या सीटवर गेला. हॉर्न मोठा होता, एकदा दाबला असता तर अख्खी इमारत गॅलरीत आली असती. त्यानं हात उचलला. शालन पलंगावरून बघत होती. तिनं मान हलवली आणि श्वास जमवून म्हणाली, "नगा. हाकलतील."

त्यानं हात खाली घेतला. तिच्याजवळ येऊन बसला, तिची पाठ चोळत राहिला. तिनं त्याचं मनगट धरलं होतं. आधी घट्ट धरलं होतं, मग सैल धरलं, मग नुसतं ठेवलं होतं. ॲम्ब्युलन्स सायरन बंद करून आली ती मागच्या गल्लीत शिरली. रस्त्यावर विचारायला चिटपाखरू नव्हतं. शोधत शोधत इकडे पोचली तेव्हा तिच्यातून उतरलेल्या माणसानं शालनच्या मानेला बोटं लावली, डोळ्यात बॅटरी मारली आणि टोपी काढली.

हौसेराव रडला नाही. रडायला आधी आवाज लागतो. तो बागेच्या कोपऱ्यात गेला आणि तिथून त्यानं नावड्याला गोजराला फोन केला. गोजरा म्हणजे शालनची धाकटी बहीण. रिक्षा करून लगोलग निघाली.

देशावरची बाई मयताला मुक्यानं येत नसते. गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येते, गेलेलीचं नाव घेत, तिच्या हाताची, तिच्या बोलण्याची आठवण काढत. त्या आवाजानं वस्तीला कळतं, इथं माणूस गेलं, आणि वस्ती हातातलं टाकून धावते. ज्या मयताला असं रडणं नाही ते बेवारशी. गोजरा रिक्षातून उतरली, पदर सावरला, आणि त्या निजलेल्या गल्लीत तिनं हंबरडा फोडला, "अगं माझ्या आक्काऽ, मला सोडून कुटं गेलीस गं बयाऽ..."

हौसेराव धावला. त्यानं एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं.

"गोजरे, हळू. चार वाजायचं हैत अजून."

गोजरानं त्याचा हात हिसडला. तिला कळेना, ह्या माणसाचं डोकं फिरलंय का आपलं. "दाजी, आक्का मेलीया," ती म्हणाली. आणि त्याला ढकलून ती गाडीत चढली, बहिणीच्या अंगावर पडली आणि मोकळ्या गळ्यानं रडली. एवढा मोठा आवाज त्या गाडीतून वर्षभरात पहिल्यांदा बाहेर आला.

खिडक्या उघडल्या. एक, दोन, मग सगळ्याच. गॅलरीत माणसं आली, जिन्यावर पावलं वाजली. नमिता गाऊनवरच पळत आली, केस मोकळे, पायात काही नाही. तिनं आत पाहिलं आणि भिंतीला टेकली. "काका, हाक का नाही मारलीत हो? माझी गाडी खालीच होती." मागून माणसं येतच होती. कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी चादर आणली, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हौसेरावाच्या खांद्यावर हात ठेवला.

हौसेरावाला ह्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की भर दुपारी अख्खी सोसायटी झोपमोड होऊन खाली उतरली आहे, आणि आवाज आपल्या गाडीतून येतोय. त्यानं हात जोडले. आधी त्या म्हाताऱ्यांपुढं, मग तांब्या आणलेल्या बाईपुढं, मग एकेकापुढं वाकत तो नमितापाशी आला.

"चुकलं ताई, माफी करा," तो म्हणाला. "पहिल्यांदाच झालं. आता पुन्हा आवाज नाही व्हायचा."