गणिताचा क्लास लावू का?

आज सकाळी समोरच्या पद्माताई पाचवीतल्या लेकीला घेऊन आल्या. "सर, हिचं गणित लई कच्चं हाय. संध्याकाळचा खेळ बंद करून क्लासच लावते की."

मी पुस्तकातलं उदाहरण शुद्ध मराठीत, अगदी श्लोकासारखं, दोनदा वाचलं. पोरगी खाली बघत राहिली.

वैतागून पद्माताईंनी तेच घरच्या तेलुगूत सांगितलं. त्यांचं बोलणं संपायच्या आत तिनं बरोबर उत्तर दिलं.

"मग क्लास कशाचा लावू, सर?"

म्हटलं, "खेळ बंद करू नका. गल्लीतल्या पोरांशी ती मराठीतच खेळते, सध्या तिचा मराठीचा क्लास तोच आहे. पुस्तकातलं मी रोज तिच्यासोबत वाचून घेतो, श्लोक न करता."

क्लास लावण्याआधी पोराचं नेमकं कुठं अडतंय, हे तुम्ही कसं ओळखता?