अक्कांनी मशेरी सोडली

तोंडात बोट ठेवून स्पष्ट बोलणारी एकच बाई मी पाहिली. माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का. इस्लामपुरात सकाळी सातला परसदारच्या पायरीवर त्या मशेरी लावत बसायच्या. तंबाखू स्वतः तव्यावर भाजलेली. भोवती गल्लीतल्या चार बायका, त्यांत मीही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या गालात आतून पांढरा चट्टा दाखवला. "आजपासून बंद. अंगाची सवय पंधरा दिवसांत जाईल. मनाची सांभाळा." घरी येऊन मी यादी केली. डोकेदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड, प्रत्येकापुढे उपाय. शेवटचं कलम: पायरीवर बसायचं नाही.

अक्का म्हणाल्या, "मी बी सोडते गं. सोबत हुईल तुला."

चार दिवस डोक्याला फडकं बांधून त्यांनी घरातल्या सगळ्यांना शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी उठल्या आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. शेजारी बायका मशेरी लावताहेत आणि या मेथी निवडत हसताहेत!

माझी डोकेदुखी दहाव्या दिवशी थांबली. सगळ्या कलमांवर खुणा झाल्या. तरी चहाचा कप खाली ठेवला की बोट तोंडाकडे जायचं. स्वयंपाकघरात एकटी बसून मी त्यांचं हसणं ऐकायची आणि जळायची. या बाईला मन नाहीच की काय?

दोन महिन्यांनी मी न्हाणीत लपून पुन्हा सुरू केली. तिसऱ्याच दिवशी बाहेर पडताना अक्कांनी दंड धरला.

"लावलीस न्हवं?"

"तुमचं बरं आहे," मी तडकले. "तुम्हाला सोडायला कष्टच पडले नाहीत."

"कोण म्हंतंय? रोज सातला तोंडाला पाणी सुटतंय. अंगाचं भांडान चार दिसाचं. ह्ये न्हाई मिटत." मग आवाज उतरला. "मला कुठं डागदरनं सोडाय सांगितलंवतं? मी लावली तर तू बी लावशील, म्हणून हात आवरते रोज."

मला लाज वाटायला हवी होती. आधी हेवाच वाटला. स्वतःच्या गालासाठी केलेला माझा निश्चय टिकला नाही, माझ्या गालासाठी केलेला यांचा टिकला.

त्यांनी मला पायरीवर नेऊन बसवलं आणि पाटीतल्या निम्म्या पावट्याच्या शेंगा पदरात टाकल्या. "सोल. बोटं कामात ऱ्हाऊ देत."

अक्का गेल्या त्या आठवड्यापर्यंत मी रोज त्यांच्याशेजारी बसले. मशेरी पुन्हा लावली नाही. मात्र त्यांच्याइतक्या भरभर शेंगा मला कधीच सोलता आल्या नाहीत.