साहेबाचं सर्टिफिकेट

परवा कपाटात डांबरगोळ्या ठेवताना तो वास आला आणि मरोळच्या खोलीतली बाबांची ट्रंक आठवली. बाबा कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, आई चार घरची भांडी घासायची. ट्रंकेत मेणकापडात गुंडाळलेला एक इंग्रजी कागद होता. दुसऱ्या महायुद्धात, इटलीच्या लढाईत बाबा जखमींचं स्ट्रेचर उचलायचे, तेव्हा कॅनडाच्या एका कॅप्टनने मरताना तो त्यांच्या हातात कोंबला होता. "साहेबाचा सर्टिफिकेट," बाबा अभिमानाने म्हणायचे. "माझ्या घरातलाच पोर बीए होवन ह्या वाचतला." बाहेरच्या कुणाला त्यांनी तो दाखवला नाही.

चौऱ्याऐंशी साली मी बीए झाले, त्याच संध्याकाळी बाबांनी ट्रंक उघडली.

"वाच गो," आई हसली. "बघूया तुझो बापूस किती शूर होतो तो."

पहिलेच शब्द होते, 'प्रिय आई'. मी अडखळले. कौतुकाच्या चार ओळी मनाने रचून वाचता आल्या असत्या, पण जीभ वळेना.

"बाबा, हे सर्टिफिकेट नाही. त्याने आपल्या आईला लिहिलेलं पत्र आहे. वर तिचा पत्ता आहे."

बाबांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. "म्हणजे साहेबान माका ह्या पोस्टात टाकूक सांगितल्यान," ते म्हणाले. "आणि ती म्हातारी वाट बघीत रवली." आणि ते रडायला लागले.

तेव्हा वाटलं, सर्टिफिकेट गेलं म्हणून रडतायत. आज माझा मुलगा परदेशात आहे; आता कळतं, ते त्या बाईसाठी रडत होते.

दुसऱ्या दिवशी पाकिटावर पत्ता मी लिहिला. चाळीस वर्षं उशिरा का होईना, पत्र कॅनडाला गेलं.