मामांनी सांगितलेली चव

“आधी चव बघावी, मग नावं ठेवावी,” असं म्हणत आमचे मामा डब्यातली अर्धी भाकरी समोरच्याच्या झाकणावर ठेवायचे. नको म्हणायला सवडच द्यायचे नाहीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात ते लेथ चालवायचे, मी ऑफिसात चलनं लिहायचो. गाव त्यांचं नेसरीकडचं. नात्यातले कुणाचेच नव्हते, तरी मामा सगळ्यांचे.

नव्वदचं दशक सरताना मालकांनी क्रिकेटसाठी जेवणाच्या खोलीत टीव्ही लावला. सामना नसला की आम्ही एक कार्यक्रम बघायचो. तुम्हीही तसले पाहिले असतील. एक गोरा देशोदेशी फिरून विंचू, अळ्या, सापाचं रक्त असलं काहीबाही खायचा-प्यायचा. आम्ही तोंडं वाकडी करायचो, पण चॅनेल बदलू द्यायचो नाही. मामा गोऱ्याकडे बघतच नसत. “मागं ती बाई बघा,” म्हणायचे, “किती निगुतीनं भाजतीया.”

एकदा खोलीत आम्ही दोघेच होतो. पडद्यावर कुणीतरी मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळत घालत होतं. मामा हळू आवाजात सांगू लागले. त्यांच्या लहानपणी गावात कुणाचं जनावर मेलं की ते मांस त्यांच्या वस्तीत यायचं. आई अशाच पट्ट्या वाळवून ठेवायची आणि काम मिळेनासं झालं की भाजून पोरांना द्यायची. पुढं सगळ्यांनी दीक्षा घेतली, ते बंद झालं.

“सुटलं त्ये बरंच झालं,” ते म्हणाले. “पर आईच्या हातची चव अजून हाय जिभंवर. कुणाला बोललो न्हवतो आजवर.”

आठवड्याभरानं खोली भरलेली होती, कार्यक्रम रंगला होता, आणि मला हशा हवा होता.

“त्या गोऱ्याला म्हणावं, कोल्हापूरला ये,” मी म्हणालो. “आमचे मामा तुला मेलेल्या बैलाच्या पट्ट्या खाऊ घालतील.”

सगळे हसले. मामाही हसले, जरासे. मग अर्ध्या जेवणातच त्यांनी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून ते मशीनपाशी, पाठमोरे बसून जेवू लागले. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, “माफी कशाची? खरं त्येच बोललासा की.” त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच जेवले.

ते वारल्याचं मला महिन्यानं कळलं. गडहिंग्लजची एसटी धरून मी त्यांच्या गावी गेलो. निदान मामींपुढे सगळं कबूल करावं, असं ठरवलं होतं. जेवणाची वेळ होती. आत आमटी रटरटत होती, पण मामींनी सुनेला हॉटेलातून पुरीभाजी आणायला पाठवलं.

“घरातलंच वाढा की,” मी म्हणालो.

मामी ओशाळल्या. “न्हाय, ह्यांनी सांगून ठेवलंतं. कामावरचं कुणी आलं तर घरातलं वाढू नगंस. त्येंच्या जिवावर येतं आपल्यातलं खायाला.”

सून पुरीभाजी घेऊन आली. मामी समोर बसल्या होत्या. मी खाली मान घालून खाल्लं.